दुखतंय म्हणायचं नाही

अंगठामामांच्या टेबलाचा एकच नियम होता. त्यावर आडवं झालेल्यानं ‘दुखतंय’ म्हणायचं नाही. गुंडाळलेला टॉवेल दातांत धरावा, टेबलाच्या कडा घट्ट पकडाव्यात, हवं तर मनातल्या मनात मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. पण तो शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नये. एकदा क्लबचा आडदांड गोलकीपर पोटरी चोळून घेताना कळवळून ओरडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बुटांत कोणीतरी बाळाची दुधाची बाटली ठेवली होती. तेव्हापासून तो मामांच्या खोलीत शिरतानाच टॉवेल चावत शिरायचा.

खोली फुटबॉलच्या मैदानाच्या पायऱ्यांखाली होती. वर पायऱ्या असल्यामुळे तिचं छत उतरतं होतं आणि आतल्या बाजूला मामांना वाकूनच वावरावं लागे. मधोमध काळं रेक्झिन लावलेलं टेबल, कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर तेलाची वाटी. कापराचा आणि तेलाचा वास भिंतींत इतका मुरला होता की रंग दिला तरी चार दिवसांत तो रंगातून वर येई. मामांच्या कपड्यांना, जेवणाच्या डब्याला आणि त्यांच्या घरच्या उशांनाही तोच वास होता.

अंगठामामा हे नाव खेळाडूंनी दिलेलं. इतकी वर्षं पाय चोळून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा चमच्याच्या पाठीसारखा चपटा नि रुंद झाला होता. तो अंगठा मांडीवरून फिरू लागला की मामा डोळे मिटून घेत. त्यांना म्हणे आतलं सगळं दिसायचं. ही विद्या त्यांना वडिलांनी दिली होती, आणि वडिलांची शिकवण चार शब्दांची: दुखणं जिथं, चोर तिथं. रक्त साकळलं की त्याची गाठ होते, ती फोडायची. जिथं जास्त दुखेल तिथं जास्त दाबायचं. थकलेल्या, आखडलेल्या पायांना या विद्येचा गुण यायचा हे कोणीही नाकारणार नाही. पाय आखडणं वेगळं आणि पायात मार बसणं वेगळं, एवढाच काय तो फरक त्या चार शब्दांत नव्हता. आणि इतक्या वर्षांत तो कोणी दाखवूनही दिला नव्हता.

मग क्लबनं फिजिओ नेमली. तरुण मुलगी, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. तिला पायऱ्यांच्या वरच्या बाजूला खिडक्या असलेली खोली मिळाली. तिथं बर्फाचं यंत्र आलं, रबरी पट्टे आले, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं लालभडक चित्र आलं. कोचनी सगळ्यांना सांगितलं, “मार लागला की आधी वर. फिजिओताई सांगतील तसं. मामा फक्त थकलेले पाय मोकळे करतील.” मामांनी मान हलवली. त्यांना वाटलं, पोरं काय, चार दिवस नवलाई बघतील आणि येतील परत.

पोरं परत आली नाहीत. गोलकीपर दारावरून जाताना “काय मामा, बरंय ना?” म्हणून हात हलवी आणि वरच्या पायऱ्या चढे. घर फिरलं की वासेही फिरतात, तसं झालं. मामा सकाळी तेल गरम करायचे आणि संध्याकाळी तेच गार झालेलं तेल बाटलीत परत ओतायचे. मधल्या वेळात टेबल पुसायचे. कोणी झोपलेलं नसताना टेबल किती वेळा पुसायचं याला काही मर्यादा असते, पण ते पुसायचे.

घरी जेवताना ते फिजिओला ‘बर्फवाली’ म्हणत. “बर्फ लावते म्हणे. अरे, माणूस आहे का मासळी आहे?”

त्यांची बायको शिवणकाम करायची. ती घासावरून नजर न उचलता म्हणे, “अहो, शिकून आलीय ती. उगाच पाण्यात पाहू नका तिला.”

“पाण्यात नाही, बर्फात पाहतोय,” मामा म्हणत, आणि त्यांची लेक खुदकन हसे.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. ती त्याच क्लबच्या मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळायची. चेंडू पायाशी आला की स्वतःभोवती अशी गर्रकन फिरायची की अंगावर आलेली खेळाडू भलतीकडेच धावत सुटे. देशाच्या संघासाठी निवड शिबिर व्हायचं होतं, आणि क्लबमधून तिचं एकटीचं नाव गेलं होतं. मामांनी हे कोणाला सांगितलं नाही. म्हणजे ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाला ‘कोणाला सांगू नका’ असं बजावून सांगितलं.

शिबिराआधीच्या सामन्यात ती गिरकी घेत असताना समोरचीचा गुडघा तिच्या उजव्या मांडीवर पुढून बसला. आवाज पायऱ्यांवर ऐकू गेला. ती पडली, उठली, दोनदा पाय झटकला आणि शेवटपर्यंत खेळली. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मामांच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि टेबलावर चढली.

“बाबा, जरा बघता का?”

मामांना काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. कित्येक दिवसांत त्या टेबलावर कोणी झोपलं नव्हतं, आणि आली ती स्वतःची लेक, शिबिराला निघालेली. त्यांनी तेल गरम केलं. मांडी सुजली होती, गरम लागत होती. अंगठ्याखाली काहीतरी ओलसर, जड हललं.

“वर जाऊन आलीस का बर्फवालीकडे?”

“आले ना,” ती म्हणाली.

“काय म्हणाली?”

“काही नाही. बर्फ लावला.”

“बघ! बर्फानं रक्त गोठतं. गोठलेलं रक्त फोडायचं कोणी? घे टॉवेल.”

तिनं टॉवेल दातांत धरला. मामांनी डोळे मिटले आणि अंगठा रोवला.

दुसऱ्या दिवशीही ती आली, तिसऱ्या दिवशीही. नेहमी सगळे गेल्यावर आणि नेहमी दार लोटून. मामांना वाटलं, पोर लाजतेय. बापाकडून चोळून घेते म्हणून मैत्रिणी चिडवत असतील. मांडीवरचा जांभळा रंग हिरवट झाला, मग पिवळा. पण आतली गाठ विरघळायची सोडून घट्ट होत चालली. “तुझ्यासारखीच हट्टी आहे,” मामा म्हणत आणि अंगठ्यामागे अख्ख्या अंगाचा भार देत. गुडघा पूर्वीसारखा दुमडेना, तेव्हा त्यांनी टाच धरून तो दुमडायला सुरुवात केली. वाकवला की वाकतो, वडील म्हणायचे. भिंगरी डोळे घट्ट मिटून घेई. तिच्या कपाळावर घाम येई. पण मांडीचा स्नायू हाताखाली सैल, अगदी सैल असायचा. मामा मनात म्हणत, दुखत असतं तर आवळला नसता का? अंगठ्याला कळतं.

“अहो,” बायको एक दिवस शिलाई मशीन थांबवून म्हणाली, “पोरगी जिना एकेक पायरी चढतेय, लहान मूल चढतं तशी. तुमचा अंगठा राहू द्या बरं दोन दिवस.”

“तू काजं कर. पायातलं तुला काय कळतं?”

“पायातलं नाही कळत. पोरीतलं कळतं.”

मामांनी ते हसण्यावारी नेलं.

शिबिर तोंडावर आलं आणि सरावात भिंगरी धावताना लंगडू लागली. कोचनी तिला बाहेर बोलावलं, मांडी चाचपली आणि हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. मांडीच्या मधोमध दगड होता. त्याच दुपारी तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बरोबर फिजिओ आणि मामा.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज बारीक, बोटं लांब. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि वाकून जवळून पाहिला. फोटोत मांडीचं हाड सरळ, पांढरंशुभ्र दिसत होतं. आणि त्याच्या पुढं, जिथं नुसतं मांस असायला हवं, तिथं धुकं साचल्यासारखा एक पांढुरका डाग होता.

“मार लागला त्याला किती दिवस झाले?”

फिजिओनं सांगितलं.

“मग हे एव्हाना ओसरायला हवं होतं. हे तर वाढतंय. गाठ चोळली होती का कोणी? शेकली? गुडघा जबरदस्तीनं वाकवला?”

“नाही,” भिंगरी म्हणाली.

“मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,” फिजिओ म्हणाली. “पट्टी, बर्फ, आराम. चोळायचं अजिबात नाही, कोणाकडूनच नाही. असं हिला दोनदा सांगितलं. आणि ही शहाणी मुलगी आहे, पाळते सगळं.”

दाराजवळ उभ्या असलेल्या मामांनी उजवा अंगठा मुठीत मिटला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती, एकटक. ती नजर त्यांना तिच्या लहानपणापासून माहीत होती. बरणी फुटली की आईच्या आधी बापाकडे अशी पाहायची: गप्प बसा, मी निभावते.

“कोणी चोळलं नसेल आणि तरी आपोआप वाढत असेल,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, “तर मला वाईटाचा विचार करावा लागेल. तुकडा काढून तपासायला पाठवू. परवा सकाळी या.”

“वाईट म्हणजे?” मामांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उच्चारला. कॅन्सर. उच्चारताना त्यांनी भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आणि मामा गप्प राहिले. असं का झालं, ते त्यांना पुढं कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं. फिजिओ तिथं उभी होती म्हणून? नोकरी जाईल म्हणून? की लेकीची नजर होती म्हणून? बहुधा तिन्ही एकात एक मिसळलं होतं. तोंड उघडायचं आणि शब्द काढायचा, एवढंच काम होतं. पण ते आपल्याच टेबलावर झोपल्यासारखे दात आवळून उभे राहिले.

बसमधून घरी येताना भिंगरी खिडकीशी बसली. पाय दुमडत नव्हता, म्हणून तिनं तो वाटेत पसरला होता आणि येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते.

“तुला माहीत होतं,” मामा म्हणाले. “चोळायचं नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“बाबा, आता बोलू नका कोणाला. काढून टाकतील तुम्हाला.”

“अगं पण…”

“तुकडाच तर काढणारेत. काढू देत. चोळल्यानं काय कोणाला कॅन्सर होतो? कळेलच त्यांना.”

तिचं म्हणणं बरोबर वाटत होतं. मामा घरी आले, जेवले नाहीत. बायकोला सगळं सांगावं लागलं. म्हणजे डागाचं सांगितलं, अंगठ्याचं नाही. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि ती नुसती बसून राहिली. मग उठून लेकीच्या अंथरुणाशी जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. तिचे ओठ हलत होते. मामांना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणाला न सांगता दवाखान्यात गेले आणि बाकावर जाऊन बसले. त्यांचा नंबर नव्हताच. डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढं केला; अंगठा वर, शाळेत शाई सांडलेलं पोर बाईंना हात दाखवतं तसा.

“यानं,” ते म्हणाले. “रोज.”

डॉक्टरीणबाईंनी आधी अंगठा पाहिला, मग माणूस. “आत या. दाखवा कसं ते.”

तपासायच्या पलंगावर गादी होती. मामांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी अंगठा गादीत रोवला, अंगाचा भार दिला आणि फिरवला. मग तळवा, मग पुन्हा अंगठा. त्यांनी हात काढला तेव्हा गादीत खळगा राहिला होता. दोघांनी त्या खळग्याकडे पाहिलं. तो हळूहळू भरून आला.

“आणि गुडघा?”

“टाच धरून… मागं. जाईल तितका.”

“बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मामांना वाटलं. पण त्या ओरडल्या नाहीत. त्या त्यांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि लांब बोटांनी स्वतःच्या मांडीवर खुणा करत सांगू लागल्या.

“हे बघा. गुडघा बसला तेव्हा मांडीचा स्नायू मागच्या हाडावर चेंगरला. आतले तंतू तुटले, बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, रक्त साठलं. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. असं झालं की शरीर आपली माणसं पाठवतं. आधी येतात सफाईवाल्या पेशी, त्या मेलेलं, साकळलेलं सगळं खाऊन टाकतात. त्यांच्यामागून दुरुस्तीच्या पेशी येतात. यातल्या काही अगदी कोवळ्या असतात, त्यांचं काम अजून ठरलेलं नसतं. आजूबाजूचा रागरंग बघून त्या ठरवतात, आपण कोण व्हायचं. शांतपणा मिळाला की स्नायूची डागडुजी होते. कळतंय?”

“कळतंय.”

“तुम्ही त्यांना शांतपणा दिला नाहीत. रोज संध्याकाळी तिथं नवा मार बसला. भरत आलेलं पुन्हा फाटलं, पुन्हा रक्त, पुन्हा सूज. तेव्हा त्या कोवळ्या पेशींचा असा समज झाला की इथं हाडच मोडलेलं दिसतंय. म्हणून त्या हाड घडवायला लागल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यांची काही चूक नाही. त्यांनी आपलं काम चोख केलंय, फक्त जागा चुकली. तुमच्या मुलीच्या मांडीत, स्नायूच्या आत, हाड तयार होतंय.”

मामा आपल्या हाताकडे बघत होते.

“तिथले मज्जातंतू पहिल्या दिवसापासून बोंब मारत असणार,” त्या म्हणाल्या. “दुखणं म्हणजे तरी दुसरं काय? इथं हात लावू नका, अशी हाक असते ती. तुमची मुलगी कधी ओरडली नाही?”

“आमच्याकडे… टेबलावर ‘दुखतंय’ म्हणायचं नाही, असा नियम आहे.”

“कोणाचा?”

“माझा.”

डॉक्टरीणबाईंनी स्टूल जरा पुढं ओढलं. मग म्हणाल्या, “मी उद्या तुकडा काढणार होते. आता काढत नाही. का, ते ऐका, म्हणजे आज आलात याचं मोल कळेल. असं कच्चं हाड आणि हाडाचा कॅन्सर, दोन्हींत पेशी घाईघाईनं हाडच घडवत असतात. या अवस्थेत मधला तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही सारखी दिसू शकतात. तपासणारा फसला, तर तो वाईटच लिहिणार. मग औषधं… मग कदाचित पाय.” त्यांनी मांडीवर आडवी रेघ ओढली. “चोळलं होतं हे कळल्यावर मी थांबू शकते. काही आठवड्यांनी पुन्हा फोटो घेऊ. डाग बाहेरून पिकत आला, अंड्याच्या कवचासारखी कड धरली, तर ते तुमच्या अंगठ्याचं हाड. आणि कड विस्कटलेली राहिली, तर ते दुसरं.”

“आणि तोवर?”

“तोवर त्या पायाला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच.”

मामा तिथून सरळ क्लबवर गेले. आज ना उद्या सांगायचंच, तर आत्ताच सांगून टाकावं. कोचनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “मामा, मी तुम्हाला ठेवू शकत नाही. ठेवलं तर उद्या मुलींचे आईबाप माझ्या दारात उभे राहतील.” मामांनी हुज्जत घातली नाही. किल्ली ठेवली. पायऱ्यांखालच्या खोलीतून फक्त तेलाची वाटी घेतली, ती वडिलांची होती.

फाटकापाशी फिजिओ मागून धावत आली. मामांना वाटलं, आता ही दोन शब्द सुनावणार. तिचे डोळे लाल झाले होते.

“मामा, मला एकदा विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

“हो.”

“म्हणूनच नाही विचारलं,” मामा म्हणाले. ते खरं होतं.

मधले आठवडे कसे गेले ते त्या घरातल्या तिघांनाच ठाऊक. अंगठ्याचं कळल्यावर बायको नवऱ्याशी कामापुरतं बोले. मीठ द्या, दार लावा. एकदा मात्र मशीन चालवता चालवता ती पाठमोरीच म्हणाली, “मी सांगितलं होतं, दोन दिवस राहू द्या म्हणून. दोनच दिवस मागितले होते.” आणि मशीन जोरात चालवलं, म्हणजे त्यांनी काही उत्तर देऊ नये. भिंगरी खुर्चीत पाय समोर ठेवून बसून राही. शिबिर सुरू झालं आणि संपलं. तिच्या जागी दुसऱ्या क्लबची मुलगी गेली. मामा घरभर फिरत. हात रिकामे राहत नव्हते. सारखे काहीतरी शोधत. टेबलाची कड पुसत, चादरीची सुरकुती काढत. एकदा भाजी चिरताना त्यांच्या अंगठ्याला कापलं, तर बायकोनं पट्टी आणून बांधली, जरा जास्तच आवळून.

दुसरा फोटो उजेडाच्या पाटीवर लागला तेव्हा तिघंही खोलीत होती. धुकं आता धुकं राहिलं नव्हतं. त्याला कड आली होती. पांढरी, बारीक, गोलसर, अंड्याच्या कवचासारखी.

“हाडच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसरं काही नाही.”

“हाडच ना?” बायको म्हणाली आणि हसली की रडली ते कळलं नाही. “नुसतं हाडच ना, बाई?” तिचा जीव भांड्यात पडला. मामांनी भिंतीला हात टेकला.

“नुसतं म्हणू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग बाकीचं सांगितलं. हे हाड पूर्ण पिकेपर्यंत कापता येणार नाही. आधी कापलं तर दुपटीनं परत येईल. वर्षभर तरी थांबायचं. आपोआप थोडं विरघळलं तर नशीब. गुडघा आता जेमतेम अर्धा दुमडतो, व्यायामानं थोडा सुधारेल. चालता येईल, जिना चढता येईल, कदाचित धावताही येईल.

“खेळ?” भिंगरीनं विचारलं.

“हौस म्हणून. कधीतरी.”

भिंगरीनं मान हलवली. जणू कोणी किती वाजले ते सांगितलं.

व्यायाम फिजिओनंच ठरवून दिला. भिंगरीनं पलंगावर पाय सोडून बसायचं आणि गुडघा आपला आपण, हळू, स्वतःच्या जोरानं दुमडायचा. दुखायला लागेल त्या क्षणी थांबायचं. त्यापुढं रेटलं तर पुन्हा तेच. “पण ही कधी थांबतच नाही,” फिजिओ म्हणाली. “दुखलं तरी सांगत नाही. कोणीतरी समोर बसायला हवं.”

आईला शिलाई होती. कोण बसणार?

दुसऱ्या दिवशी मामा स्टूल घेऊन तिच्या समोर बसले. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते. दुपारची वेळ होती, बाहेर कोणीतरी बादली घासत होतं. भिंगरीनं गुडघा दुमडायला घेतला. मांडीत तो गोळा कातडीखाली उचललेला दिसत होता.

“का गं आलीस टेबलावर?” मामांनी विचारलं. “बर्फवालीनं नको म्हटलं होतं. फिजिओताईंनी. तरी का आलीस?”

ती गुडघ्याकडेच बघत राहिली. “कोणी यायचंच नाही ना तुमच्याकडे. मी सराव करताना दारातून दिसायचं. तुम्ही टेबल पुसायचात. पुसून झालं की परत पुसायचात.” ती थांबली. “मला वाटलं, चार दिवसांनी काय होतंय. तेवढंच बरं वाटेल तुम्हाला.”

बाहेरची बादली थांबली.

“पण पाय सैल असायचा तुझा,” मामा म्हणाले. “अगदी सैल. माझ्या अंगठ्याला कळलं असतं.”

“मुद्दाम सैल सोडायचे. आवळला असता तर तुम्ही हात काढला असतात.”

“दुखायचं?”

तिनं पाय सैल सोडला. मग म्हणाली, “पहिल्या दिवसापासून.”

मामांनी मान खाली घातली. मांड्यांखाली दाबलेले हात बधिर झाले होते, पण त्यांनी ते काढले नाहीत. भिंगरीनं पुन्हा गुडघा दुमडायला घेतला. टाच इंच इंच मागं सरकत होती. तिचा ओठ दातांत गेला, कपाळावर तोच घाम आला. मामांना माहीत असलेला, इतके दिवस भलत्याच अर्थानं माहीत असलेला घाम.

“दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही म्हटलं ना बाबा.”

“ओठ सोड आधी. सोड. आता सांग.”

टाच थरथरत होती. तिनं डोळे वर केले. आयुष्यात बापासमोर कधी न उच्चारलेला तो शब्द तिच्या तोंडून निघता निघेना. मामा वाट बघत राहिले.

“दुखतंय,” भिंगरी म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला. “खूप दुखतंय, बाबा.”

“थांब मग,” मामा म्हणाले. “तिथंच थांब.”

गुडघा कालच्याच जागी थांबला होता. जरासुद्धा पुढं नव्हता.